वाटेने खाल्लेला तांदूळ

फार पूर्वी, जेव्हा बैल माणसांशी बोलत आणि माणसं त्यांचं ऐकूनही घेत, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगरावर एक गाव होतं. गाव नाचणी पिकवायचं, नाचणीच खायचं आणि सुखाने झोपायचं.

एकदा गावच्या नाईकाकडे आलेल्या पाहुण्याने पांढराशुभ्र, वासाचा तांदूळ आणला. भात शिजला, घमघमाट घरोघरी गेला आणि दुसऱ्या दिवशी भाकरी कोणाच्या घशाखाली उतरेना! मग गावाने बैलांवर जंगलातला मध लादला आणि तो देऊन शेजारच्या खोऱ्यातून तांदूळ आणला.

त्या गावाची एक रीत होती. ओझं वाहणाऱ्या बैलाला वाटेत चारायचं, ते त्याच्याच पाठीवरच्या गोणीतून. आपण खातो ते त्यालाही मिळावं, असं वाडवडिलांना वाटलं होतं. रीत चांगलीच होती. खोरं जवळ होतं तोवर बैल थोडंसं खायचे आणि गोण्या भरलेल्या यायच्या.

पण जिभेचे चोचले थांबतात का कधी? याहून बारीक तांदूळ दोन घाट ओलांडल्यावर मिळतो, असं कळलं. त्याहून सुवासिक त्याच्याही पलीकडे. तांडा लांब लांब जाऊ लागला, गोण्या हलक्या येऊ लागल्या. नाईक म्हणाला, "मग बैल वाढवा की!" वाढलेल्या बैलांना घरी चारायला लोकांनी नाचणीची शेतं मोडली आणि हुलगे पेरले. तांडा परतला की वेशीवर ढोल वाजायचा, बैलांना ओवाळायचे. जितके बैल जास्त, तितका नाईक खूश. गोणीत हात घालून बघावं, असं वेशीवरच्या एकालाही सुचलं नाही. अहो, एकालाही!

एका वर्षी तांडा सगळ्यांत लांबून आला. बैलांची रांग वेशीपासून पार नदीपर्यंत. अंगं कशी तुकतुकीत! घरोघरच्या कणग्या कधीच्या रिकाम्या झाल्या होत्या, म्हणून नाईकाची नात वाडगा घेऊन धावत आली. नाईकाने पहिली गोणी सोडली. रिकामी. दुसरी सोडली. तीही रिकामी. तो एकेक गोणी सोडून झटकत सुटला. कुठल्याशा शिवणीत अडकलेले चार दाणे वाडग्यात पडले आणि ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला.

"कुणी लुटलं?" नाईक किंचाळला.

"कुणीच नाही, धनी," पुढचा म्हातारा बैल म्हणाला. "आम्हीच खाल्लं, तुमच्याच रीतीने. वाट एवढी लांब, की तांदूळ इथवर आणायला सगळा तांदूळच लागला."

"मग आधी सांगितलं का नाहीस?"

"दरवर्षी वेशीवर सांगत होतो. ढोलापुढे ऐकू कुणाला जाणार?"

नाईकाने हुलग्यांची शेतं मोडून पुन्हा नाचणी पेरायला लावली. नाचणीचं पीक येईपर्यंत ते गाव कसं जगलं, हे सांगतानाही अंगावर काटा येतो. माणसं गोठ्यांत शिरून बैलांच्या गव्हाणीतले उरलेसुरले हुलगे वेचत होती. नाईकही गुडघ्यांवर बसून नातीसाठी वेचत होता. त्याला हात घालता यावा म्हणून म्हाताऱ्या बैलाने आपलं तोंड बाजूला घेतलं.

म्हणून मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: घास किती गोड हे बघण्याआधी, तो आपल्या ताटात येईपर्यंत किती खाऊन आला हे बघावं.