चार बैल आणि हरळीची मुळी

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नाव आता कुणालाच आठवत नाही. नदीने पात्र बदललं आणि काठचं एक गाव वाहून गेलं. माणसं वाचली, घरंदारं गेली. राणीने त्यांना टेकडीखालच्या पडीक जमिनीचा एकेक तुकडा दिला आणि बजावलं, "संक्रांतीला मी बघायला येईन. ज्याच्या तुकड्यात पीक उभं असेल, तुकडा त्याचा. नसेल तर तो दुसऱ्याला जाईल."

पोळा नुकताच झाला होता. जमीन ओली होती आणि तिच्यावर हरळी इतकी माजली होती की माती दिसत नव्हती.

शेजारशेजारचे दोन तुकडे एका गाडीवानाला आणि एका विणकर बाईला मिळाले. गाडीवानाकडे चार धष्टपुष्ट बैल होते. त्याने राणीच्या कोठारातून मोठा लोखंडी नांगर मागून आणला, चारही बैल जुंपले आणि दिवस मावळायच्या आत सगळा तुकडा उलथून टाकला. ती काळीभोर माती बघून लोक वाहवा करू लागले. खरं सांगायचं तर तिथे असतो तर मीही केली असती.

विणकर बाईचे हात मागावर सरावलेले. दोन लहान मुलींशिवाय तिचं कुणी उरलं नव्हतं. तुकडा गेला तर त्यांना घेऊन कुठे जायचं? तिने हरळीची एक काडी ओढली, ती तुटली. कुदळीने खणलं तर खाली पांढरी मुळी सापडली. ती कुठवर जाते बघू म्हणून बाई खणत गेली, खणतच गेली. संध्याकाळपर्यंत बाजेएवढी जागा मोकळी झाली, पण मुळीचं टोक काही सापडलं नाही.

"वहिनी, शेत करताय की सुताचा गुंता सोडवताय?" गाडीवान हसला.

"गुंताच आहे, भाऊजी. पण ही तोडली तर मरते की जगते, तेवढं मला बघायचंय."

तिने मुळीचे बारीक तुकडे केले आणि फुटक्या मडक्यातल्या मातीत पुरले. काही दिवसांनी बघते तर काय, तुकड्या-तुकड्याला कोंब! मडकं कडेवर घेऊन ती धावतच बांधावर गेली. गाडीवानाच्या शेतात पुन्हा हिरवं दिसू लागलं होतं, म्हणून तो आता आडवा नांगर धरत होता.

"थांबा, भाऊजी! नांगर हिला मारत नाही, पेरतोय!"

"चार बैलांपुढे गवताची काय टाप?" म्हणत त्याने बैल हाकले. हिरवं परत उगवलं, त्याने परत नांगरलं. मग त्यातच हरभरा पेरला.

बाई हातानेच खणत राहिली. पेरणीची वेळ आली तेव्हा जेमतेम अर्धा तुकडा झाला होता. तिला रडू आलं. तरी तेवढ्याच जागेत तिने हरभरा पेरला.

संक्रांतीला राणी आली. बाईच्या अर्ध्या तुकड्यात हरभरा घाट्यांनी लगडला होता. गाडीवानाचा तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार होता, आणि मधोमध चारही बैल मजेत हरळी चरत होते.

"राणीसाहेब, जमीनच खोटी निघाली," गाडीवान म्हणाला.

"आणि बाई, तुझं अर्धंच का?" राणीने विचारलं.

बाईने मडकं पुढे केलं. राणीने एक कोंब उपटला, खालचा मुळीचा तुकडा निरखला आणि समोरच्या हिरव्या शेताकडे पाहिलं.

"बाईचं पीक उभं आहे, तुकडा तिचा," राणी म्हणाली. "आणि इथे पीक आलंय ते बैलांचं, तेव्हा हा तुकडा बैलांचा! पुढच्या पोळ्यापर्यंत तू त्यांचा गडी. हाताने हरळी खण आणि मालकांना खाऊ घाल."

लोक पोट धरून हसले. गाडीवानाची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी मात्र तो कुदळ घेऊन बांधावर आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, मुळी कुठून धरायची?"

तिने दाखवलं. तो त्याचा तुकडा खणत राहिला, ती तिचा उरलेला अर्धा. पोळ्याला त्याने बैलांची शिंगं रंगवली, त्यांना पुरणपोळी भरवली आणि हात जोडून आपली जमीन त्यांच्याकडून मागून घेतली. तेव्हा बाईच म्हणाली, "भाऊजी, आता आणा तुमचा नांगर." नांगर दोन्ही तुकड्यांतून एकदाच फिरला आणि तेवढा पुरला.

म्हणून मंडळी, जमिनीला अवजार लावण्याआधी तिच्या पोटात काय दडलंय ते बघावं.