बिनमिठाची बाकमी

“पण आजी, मीठ नेमकं कधी घालायचं? नूडल्स सोडण्याआधी की नंतर?”

वार्सिनेम आजी पंख्यानं वारा घालत राहिल्या. शेगडीतले कोळसे लाल झाले.

“भूक लागलीय का तुला?” त्यांनी विचारलं.

“मी शिकायला आलोय.”

“ते कालच सांगितलंस.”

अच्युत हळदणकर पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलात मुख्य आचारी होता. हाताखाली चाळीस माणसं. तरुणपणी तीन वर्षं तो जाकार्तात नोकरीला होता. तिथली भाषा त्याला तेव्हाच आली, आणि बाकमीची गोडीही तेव्हाच लागली. बाकमी म्हणजे जावा बेटावर रस्तोरस्ती मिळणाऱ्या रश्श्यातल्या नूडल्स. त्यातही सुट्टीत योग्याकार्ता शहरात या आजींच्या गाड्यावर खाल्लेली. पंचवीस वर्षांनी तो तीच शोधत आला होता.

आजी आता ऐंशीच्या घरात होत्या. एका वेळी एकच ताटली करायच्या. गिऱ्हाईक तासभर बाकावर बसून राहायचं, पण उठायचं नाही.

आजींनी कढईत लसूण परतला, बदकाचं अंडं फोडलं, गावरान कोंबडीचा रस्सा ओतला, मूठभर नूडल्स आणि कोबी सोडला. ताटली अच्युतच्या हातात दिली.

त्यानं पहिला घास घेतला. डोळे मिटले. मान डोलावली.

“वा! तीच चव. तसूभरही बदल नाही.”

आजींनी ताटली परत घेतली. स्वतः एक घास खाल्ला.

“यात मीठ नाही.”

“...विसरलात?”

“नाही.”

अच्युतनं ताटलीकडे पाहिलं.

“काल माझ्या हातून लसूण करपला,” आजी म्हणाल्या. “बाकावरच्या सगळ्यांनी नाकं मुरडली. तू तेवढा वहीत लिहीत होतास.”

अच्युतनं वही बाजूला ठेवली. “वर्ष झालं. ताप आला, उतरला, आणि तेव्हापासून... नाकाला वास नाही, जिभेला चव नाही.”

“कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही. बायकोलाही नाही.”

“मग रांधतोस कसा?”

“आठवणीवर.” त्यानं मान खाली घातली. “वाटलं होतं, निदान तुमच्या हातच्या बाकमीनं तरी...”

आजी उठल्या. पंखा त्याच्या हातात दिला.

“बस. आता तू कर.”

“मला कसं कळणार?”

“त्याला कळेल.”

बाकाच्या टोकाला तुकिजान बसला होता. सायकलरिक्षावाला. दुपारभर पायडल मारून भुकेजलेला.

अच्युतनं बाकमी केली. चमचाभर रस्सा तुकिजानपुढे धरला.

“कसा झालाय?”

चाळीस माणसांच्या साहेबानं हे कुणाला विचारून जमाना झाला होता.

तुकिजान संकोचला. आजींकडे बघत म्हणाला, “मीठ हवं थोडं.”

अच्युतनं चिमूटभर घातलं.

“आता?”

“अजून किंचित.”

“आता?”

“हां!”

तुकिजान जेवू लागला. फुर्रकन नूडल्स ओढत, कपाळाचा घाम पुसत. अच्युत बघतच राहिला. हॉटेलात स्वयंपाकघराचं दार लावलेलं असतं. आपलं अन्न खाणाऱ्याचा चेहरा त्यानं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

ताटली रिकामी झाली. तुकिजाननं छातीवर हात ठेवला. “पोट भरलं, दादा. देव तुझं भलं करो.”

अच्युतचे डोळे भरून आले. तो आधी तुकिजानपुढे वाकला, मग आजींपुढे.

त्याच संध्याकाळी त्यानं पुण्याला फोन लावून बायकोला सगळं सांगितलं. ती रडली. मग रागावली. मग म्हणाली, “या घरी. मी बघत जाईन चाखून.”

आठ दिवस तो त्या शेगडीशी बसला. रोज कुणी ना कुणी त्याला चव सांगत गेलं, आणि दर वेळी तो हात जोडत गेला.

निघायच्या दिवशी शेवटची ताटली त्यानं एका म्हाताऱ्या जोडप्याला दिली आणि आजींच्या पाया पडला.

“आजी, तुम्ही मला पुन्हा चुलीपाशी बसवलंत. जन्मभर विसरणार नाही.”

आजी हसल्या.

“एक विचारू?” तो अडखळला. “माझी चव... येईल का हो परत?”

आजींनी बाकाकडे पाहिलं. म्हातारा आपल्या ताटलीतला कोंबडीचा तुकडा बायकोला भरवत होता.

“गेलीय कुठं?” आजी म्हणाल्या. “ती काय, बाकावर बसून जेवतेय.”