हिवाळ्याची ओटी

एका राज्यात हिवाळा म्हातारीच्या रूपाने मुक्कामाला येई आणि दिवस-रात्र सारखे होत त्या समदिनी गाठोडं उचलून उत्तरेला निघून जाई. मग काय विचारता! नगारे झडत, लोक रंगवलेली अंडी एकमेकांना देत, डोक्यात पळसाची फुलं खोवून नाचत. पण तिथल्या राजाला, रुद्रकेतूला, सगळ्याचीच भारी घाई. एका समदिनी त्याने म्हातारीला मशाली दाखवून हुसकलं. ती वेशीत फतकल मारून बसली, म्हणाली, आता मी जात नाही, आणि राजाच्या पावलांचा बर्फ झाला.

तीन वर्षं वसंत फिरकला नाही. बर्फ राजाच्या छातीपर्यंत चढला. आज पुन्हा समदिन होता. सूर्य मावळायच्या आत म्हातारी हलली नाही, तर बर्फ त्याच्या काळजात शिरणार होता. राजकन्या शाल्मलीचा जीव थाऱ्यावर नव्हता.

दरबारच्या मांत्रिकाने तिला तीन कामगिऱ्या दिल्या होत्या. ज्वालापर्वतावरचं जळतं पीस तिने आणलं. म्हातारीने त्यावर हात शेकून घेतले. नागाच्या पहाऱ्यातलं गर्जणारं खड्ग आणलं. म्हातारीने ते काठीसारखं टेकलं. उरलं सूर्यपक्ष्याचं अंडं. ते फेकून मारलं की म्हातारी जळून खाक होणार होती.

ते अंडं घेऊन शाल्मली वेशीत आली तेव्हा ऊन कललं होतं. तिने हात उगारला, तोच तिला म्हातारीचं गाठोडं दिसलं. ते बांधलेलंच होतं. तीन वर्षांत त्याची गाठ सुटली नव्हती.

"आजी, तुम्हाला जायचं आहे?"

"कधीची बसले आहे, पोरी. पण रित्या ओटीने बाई कोणत्या दारातून निघते?"

शाल्मलीच्या खांद्यावर तिचा बोलका भारद्वाज होता. तो आनंदाने पंख फडफडवत म्हणाला, "तांदूळ आणा."

वेशीत जमलेले सगळे लोक धावले. बियाण्याला राखलेला शेवटचा तांदूळ घरोघरच्या बायकांनी सुपात ओतला. नारळ मात्र कुठे मिळेना. शाल्मलीने नारळाच्या जागी अंडं ठेवलं. मांत्रिक कळवळून सांगत होता की ते शस्त्र आहे, पण तिने ओटी भरली आणि म्हातारीच्या भेगाळलेल्या पायांवर डोकं टेकवलं.

आता एकच गोष्ट म्हणायची उरली होती. ती सगळ्यांना ठाऊक होती, आणि कुणालाच म्हणवत नव्हती.

"पुन्हा या, आजी," शाल्मली म्हणाली.

"येते हं."

म्हातारीच्या ओटीत अंडं तडकलं. सोनेरी पक्षी भरारी घेऊन राजवाड्यावरून गेला, आणि तो गेला तिथे बर्फाचं पाणी झालं, पळस पेटले. म्हातारी तांदूळ सावरत उत्तरेच्या वाटेला लागली. इतक्यात राजा अनवाणी, चिखल उडवत धावत आला.

"गेली?"

"हो, बाबा. पण पुन्हा येणार आहे."

राजाने त्या वाटेकडे पाहून हात जोडले.

"येऊ दे," तो म्हणाला, "ओटी मी भरीन." मग त्याने स्वतःच्या हाताने नगाऱ्यावर टिपरी मारली.

म्हातारी सुखाने आपल्या घरी पोचली. तुमच्याआमच्या दारची पाहुणीही तशीच सुखाने जावो, सुखाने येवो.