पळसाणचे आळसे

पठारावर आता एकाच बिळात जाग उरली होती. त्या मुलखात पाऊस वर्षागणिक कमी होत गेला, मुळं वाळून दोरासारखी झाली, आणि दोन पिढ्यांत सायाळांची कुटुंबं एकामागून एक खालच्या खोऱ्यांत उतरून गेली. मागे राहिली ती तानकी नावाची म्हातारी सायाळ. तिचा मुलगा बारकू सर्वांत शेवटी गेला. ‘पाण्याची सोय झाली की न्यायला येतो,’ असं म्हणून गेला तो परतला नाही. पठाराला पळसाण म्हणत, कारण एके काळी तिथे पळसच पळस होते. त्यांतला शेवटचा उन्मळून पडला, तेव्हा तानकीने बिळाच्या तोंडाशी दगड लोटला आणि ती मुलाच्या शोधात निघाली.

पहिलं खोरं वाऱ्याचं होतं. बारा महिने असा वारा सुटे की बोलताना ओठाला ओठ लागत नसे. तिथल्या सायाळांना ती म्हणाली, “मी पळसाणची. माझा बारकू इकडून गेला असेल.”

“पळसाण काही ऐकलं नाही बुवा,” त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. “आम्ही फळसाणे. आमच्या पूर्वजांच्या फळबागा होत्या, त्यावरून हे नाव पडलं.”

तानकीने त्याला निरखून पाहिलं. त्याच्या आजीला तिने पठारावर कोरडी मुळं चघळताना पाहिलं होतं. पण तो इतक्या अभिमानाने बोलत होता की तिला पुढे बोलवेना.

दुसरं खोरं उभ्या चढणीचं. तिथे जो तो सदा धापा टाकत असायचा, आणि शब्दाच्या आरंभी फक्त श्वास उरायचा. तिथल्या सायाळा स्वतःला हळसाणे म्हणवत. नाव हळदीवरून आलं, असं त्यांचं म्हणणं; म्हणून लग्नात त्या बिळाचा उंबरा हळदीने माखत. “एक जण आला होता,” त्या म्हणाल्या. “काम नव्हतं. खाली गेला.”

तिसऱ्या खोऱ्यात धुकं होतं, आणि त्या ओलसर गारठ्यात श्वासही घशातच राही. हे खोरं म्हशींचं. त्यांच्या तळ्याला बांध घालायचं काम चाललं होतं आणि माती वाहायला बाहेरून आलेले जीव लावले होते. एक म्हैस ओरडत होती, “ए आळशे! नावाप्रमाणेच वागणार का?”

जिला हाक मारली ती तरणी सायाळ होती. माती वाहून तिच्या पाठीवरचे काटे झडले होते. तानकीने जवळ जाऊन विचारलं, “बाई, तुझ्या घरधन्याचं नाव काय?”

“बारकू आळसे.”

“पळसाणचा बारकू? मी त्याची आई,” तानकी म्हणाली. मग त्या सायाळीने, तिचं नाव वेणू, खाली वाकून तानकीच्या पायांना तोंड लावलं.

“आत्याबाई, ते गेले हो. गेल्या साली. बांध खचला.”

“एकटाच?”

“बाकीचे जेवायला थांबले होते. हे माती दाबत होते.”

“तो का नाही थांबला?”

“आमच्यातलं कुणी थांबत नाही,” वेणू म्हणाली. “थांबलं की नावावर जातं.”

तानकी रडली नाही. ती थेट नोंदी ठेवणाऱ्या बगळ्याकडे गेली.

“महाराज, तुमच्या वहीत चूक झालीय. आळसाचा इथे काही संबंध नाही. ही मंडळी पळसाणे, पळसावरून; बोलता बोलता अळसाणे झालं, मग आळसे.”

“पळस म्हणजे काय?”

त्या खोऱ्यात पळस नव्हता. तानकीने केशरी फुलं सांगितली, तीन-तीन पानं सांगितली. बगळ्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“बरं. त्या पठारावर पळसाणे किती होते?”

तानकी अडखळली. “तिथे तसं कुणी कुणाला म्हणत नसे. तिथे सगळेच पळसाणचे. मला खालच्या बिळातली म्हणायचे, माझ्या जावेला कपारीतली.”

“म्हणजे ज्या गावचं हे नाव, त्या गावात ते कुणाचंच नव्हतं.”

“नव्हतं.”

“आता तिथे विचारायला कोण आहे?”

“कुणी नाही.”

बगळा दुष्ट नव्हता. त्याने वहीची दोन पानं मागे उलटली. “फळसाण्यांनी कळवलंय, हळसाण्यांनीही. आळशांशी आपलं नातं नाही म्हणतात. मी कशाच्या आधारावर खोडू?” मग त्याने चोच शाईत बुडवली. “नोंदीशिवाय तळ्याचं पाणी मिळत नाही, म्हातारे. तू कुठली?”

तानकीने ओठ घट्ट मिटले, मग उघडले, आणि जमेल तितक्या ठसठशीतपणे म्हणाली, “पळसाणची.”

धुकं दाटलं होतं. बगळ्याने त्या खोऱ्याच्या कानांना जे ऐकू आलं ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीला ‘आळसे’ असा पुकारा झाला. वेणूने मान वर केली, आणि क्षणभराने तानकीनेही. दुपारी काम थांबलं. घोरपडी, ससे, मुंगसं बांधाच्या आडोशाला जेवायला बसली. वेणूने माती टाकता टाकता हाक मारली, “आत्याबाई, टेका थोडं. तुमचं वय झालंय.”

तानकीने वळून पाहिलं नाही. खाली आडोशाला बसलेल्यांना धुक्यातून तिची वाकलेली पाठ तेवढी दिसत होती, आणि बांधावरून माती दाबल्याचा आवाज येत राहिला, न थांबता.