कुसवड्याची फुटकी नळी

देवळाच्या पायरीशी जमिनीत उभी पुरलेली ती लोखंडी नळी दिसते ना, वरून केळीच्या सालीसारखी उलगडलेली, ती तोफ नव्हे. येणारे सगळे तोफच समजतात, तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात आणि मग मला विचारतात, कोणत्या लढाईतली? कोणत्याही लढाईतली नाही. एका माणसाच्या मिजाशीने ती फुटली. मी इथला गुरव. आजोबांनी सांगितले तसे सांगतो.

पाच-सहा पिढ्यांपूर्वी कुसवड्याला हैबतराव इनामदार होते. त्यांच्या पणजोबांनी मिळवलेल्या दोन सारख्या बंदुका घरात होत्या, ठासणीच्या. तोंडातून दारू ओतायची, वर गोळी सोडायची आणि गजाने ठासायची, अशी ती जुनी जात. हैबतरावांनी त्यातून कधी चिमणीसुद्धा मारली नव्हती म्हणे, पण बंदुकीवर बोलायला लागले की समोरच्याला उठू देत नसत. नेम धरायचा तो सुभाना ओतारी, आणि त्याच्यासाठी गोळ्या ओतायची त्याची बायको तुळसा.

तुळसाची रीत ठरलेली होती. शिसे मऊ हवे, नखाने ओरखडा उठला पाहिजे. गोळी गोल हवी आणि नळीपेक्षा किंचित बारीक. तिच्याभोवती जुन्या लुगड्याची चिंधी चरबी लावून गुंडाळायची. अंगठ्याने दाबली की ती तोंडात शिरावी, गजाने एका दमात तळाशी जावी आणि बंदूक उलटी धरली तरी जागची हलू नये. तिच्या गोळीने पंधरा वर्षांत कधी दगा दिला नव्हता.

मग एका वर्षी इनामदार शहराला जाऊन आले. तिथे कोणा साहेबाच्या नव्या बंदुकीच्या लांबट, टोकदार गोळ्या त्यांनी पाहिल्या आणि डबाभर घेऊन आले. नळी पणजोबांची, गोळी साहेबाची! एकमेकींत बसतात का, हे बघण्याइतकी अक्कल त्या पागोट्याखाली असती तर मला हे सांगावे लागले नसते.

त्याच सुमारास खिंडीतला बिबट्या माणसांवर जाऊ लागला. दोन गुराखी गेले, पाण्याला गेलेली एक सून गेली. खिंडीतल्या झाडावर माळा बांधून सुभानाने त्यावर बसायचे ठरले. इनामदारांनी चावडीपुढे स्वतःच्या हाताने दारू भरली आणि नवी गोळी वर सोडली. ती खडखडत तळाशी गेली, सगळ्या गावाने ऐकले. हैबतराव खूश! गजसुद्धा लागला नाही म्हणाले.

तुळसा पुढे आली. "सरकार, ही गोळी ह्या नळीची न्हाई. माळ्यावरनं तोंड खाली केलं की घसरंल. दारू मागं, गोळी पुढं, मधी पोकळ. नळी फुटंल. धनी जातील माजे."

"मग काय करू म्हणतेस?"

"निदान चिंधी तरी ठासू द्या वर."

"चिंधी? इनामदाराच्या बंदुकीत तुझ्या लुगड्याची चिंधी? चूल बघ जा तुझी."

सुभानाने बायकोकडे पाहिले आणि बंदूक उचलली. हुकूम मोडायची त्या काळी सोय नव्हती. दिवेलागणीला बिबट्या माळ्याखाली आला. सुभानाने बंदुकीचे तोंड खाली केले आणि चाप ओढला; नळी फुटली. तो आवाज गावापर्यंत आला म्हणे. बिबट्याला ओरखडाही नाही. सुभानाला खाली उतरवले तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. आणि इनामदार काय म्हणाले? "लोखंड जुनं झालं होतं." धन्य! असल्या माणसाला आमचे पूर्वज मुजरा करत होते, याची मला अजून लाज वाटते.

तेरावा व्हायच्या आत बिबट्याने आणखी एक बाई नेली. दुसरी बंदूक शिल्लक होती, पण तिला हात लावायला कोणी तयार होईना. खुद्द इनामदारांचे तर अंग दुखत होते. तेव्हा तुळसा चावडीवर आली, असे सांगतात. मुठीत तिने ओतलेली एक गोल गोळी होती.

"मी बसते माळ्यावर," ती म्हणाली. "पर चिंधी माज्या लुगड्याची नको. तुमच्या बंदुकीला ती चालत न्हाई. तुमचं पागोटं द्या."

हैबतरावांनी कारभाऱ्याकडे पाहिले. कारभाऱ्याने जमिनीकडे पाहिले. शेवटी त्यांनी पागोटे उतरवून दिले. जरतार नळीत नको म्हणून तुळसाने आधी जरीचा काठ टरकावून बाजूला फेकला, मग साध्या कापडाचा तुकडा फाडला. चरबी लावली, गोळी गुंडाळली, एका दमात ठासली आणि बंदूक उलटी धरून हलवली. काही पडले नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य मावळताना तिने बिबट्या मारला, त्या एकाच गोळीने. परत येऊन तिने पागोटे इनामदारांच्या पायाशी टाकले आणि म्हणाली, "उरलेलं बांधा."

आजही दसऱ्याला इनामदारांच्या घरचा कर्ता पुरुष कोरा फेटा बांधून इथे येतो आणि ओताऱ्याच्या घरची बाई गावादेखत तो फाडते. त्याच चिंधीत गोळी गुंडाळून त्या दुसऱ्या बंदुकीतून बांधावर बार काढतात. आताचे इनामदार शहरात मोठे साहेब आहेत. गेल्या वर्षी त्यांनी फेटा पार्सलने पाठवला, फाडून घ्या म्हणून. ओताऱ्याच्या शेवंताबाईंनी तो न उघडता परत केला. बार झाला नाही.

यंदा स्वतः आले. फेटा फाडून झाल्यावर हसत म्हणाले, "काय एकेक जुन्या गमती असतात, नाही?"

शेवंताबाई हसल्या नाहीत. त्यांनी फेटा खाली टाकला आणि साहेबांना तो वाकून उचलावा लागला.