बेडीचे माप

बालाघाटाच्या उतारावर खडकसिंगे म्हणून एक गाव आहे. एका उन्हाळ्यात श्रीरानोबा महाराजांचा मुक्काम त्या गावच्या मारुतीच्या देवळामागे, चिंचेखाली पडला होता. महाराजांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. त्यांच्या झोळीपासून कोणी उपाशी परत जात नसे, ही एक. आणि दुसरी म्हणजे त्यांचा राग. संतांच्या रागाविषयी बोलायला काही भाविकांना संकोच वाटतो. मला वाटत नाही. या कथेतला राग महाराजांना आला नसता, तर त्यांना संत म्हणायला माझी जीभ वळली नसती.

देवळाची झाडलोट ठकूबाई गुरवीण करी. विधवा बाई, पोटी मूलबाळ नाही, घरात खाणारे तोंड एकच. महाराजांवर तिची भारी श्रद्धा. गाव त्यावरून तिची थट्टा करी, आणि त्यात सर्वांत पुढे असत गावचे हैबतराव देशमुख. सरकारने त्यांना उजव्या पायात घालायला सोन्याचा तोडा दिला होता. चावडीवर बसले की ते तो पाय मुद्दाम पुढे काढून बसत. ठकूबाई समोरून गेली की म्हणत, "काय गं ठकू, तुझ्या बुवाला म्हणावं, एवढा मोठा चमत्कारी आहेस तर आधी माझं छप्पर शाकारून दे!" चावडी हसे. ठकूबाई पदर सावरून निघून जाई.

त्या गावात दारूच्या भट्टीचा इजारदार, म्हणजे मक्तेदार होता, सुभानजी. दोन वर्षांमागच्या दुष्काळात एका दलालाने वरच्या मुलखातून आईबाप मेलेली एक पोर आणली, आणि सुभानजीने जोंधळ्याची मापे मोजून ती विकत घेतली. पोरीचे नाव गोदू. हा सौदा काही चोरून झाला नाही. भर बाजारात, चावडीसमोर झाला, आणि सौदा पक्का झाल्याचा विडा साक्षीदार म्हणून खुद्द देशमुखांनी घेतला. गोदूच्या अंगावर मोठ्या बाईचे लुगडे गुंडाळले, कपाळाला कुंकू फासले आणि तिला भट्टीवर नेले. अशा विकत घेतलेल्या पोरींना तेव्हा बटीक म्हणत; भट्टीवर आणखीही होत्या. तिथे तिच्यावर काय गुजरले ते मी लिहिणार नाही. लिहायची गरजही नाही, कारण सगळ्या गावाला ते ठाऊक होते. भिंतींना कान असतात म्हणतात. खडकसिंग्यात भिंतींनाच होते, माणसांना नव्हते! एकटी ठकूबाई देवापुढचे खोबरे कुंपणातून तिच्या हातावर ठेवी आणि घरी येऊन रडे.

पुढे जवळच लष्कराचा तळ पडला. गोदूला त्या तळावर विकून टाकायचे सुभानजीने ठरवले. तो ते कोणाशी तरी बोलत होता आणि ती पाट्यावर वाटण वाटत होती. तिने ऐकले. दुपारी जेवून तो आडवा झाला, तेव्हा तिने वरवंटा उचलला आणि त्याच्या डोक्यात घातला. सुभानजी जागच्या जागी मेला. पोर पळाली नाही. तिने वरवंटा धुतला, पाट्यावर परत ठेवला आणि कोपऱ्यात बसून राहिली. माणसे आली तेव्हा ती तशीच बसलेली होती.

चावडीवर न्याय बसला. न्याय कसला, चार घटकांचा खेळ! देशमुखांनी विचारले, "तूच मारलंस?" ती म्हणाली, "व्हय." झाला न्याय. बटकीने धन्याचा जीव घेतला, तर बटकीचा कडेलोट. दुसऱ्या दिवशी डोंगराच्या सुळक्यावर न्यायचे, तोवर पायात बेड्या घालून चावडीसमोर ठेवायचे. लोहाराला बोलावणे गेले.

ठकूबाई धावत चिंचेखाली आली आणि महाराजांपुढे कोसळली. "म्हाराज, लेकराला मारायला निघाल्यात वो! तुमी चला. माजं कुनी ऐकत न्हाई. तुमी नुसतं हुबं ऱ्हावा."

महाराज भाकरी खात होते. हातातला घास त्यांनी खाली ठेवला आणि तसेच उष्ट्या हाताने उठले.

चावडीसमोर गाव लोटला होता. मध्यभागी गोदू उभी होती. लुगडे इतके मोठे की त्याचा बोंगा तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. महाराजांना पाहून हैबतराव हसले. "या बुवा! ठकूनं धाडलंय वाटतं? आज छप्पर सोडून खुनी सोडवायला आलात?"

महाराज म्हणाले, "हैबतराव, खून झालाय, मी नाही म्हणत नाही. पण तुम्ही कोणाला दंड देताय, ते बघितलंत का? हे लेकरू आहे."

"लेकरू?" देशमुखांनी मांडीवर थाप मारली. "लुगडं नेसते, कुंकू लावते, पुरुषाच्या घरात नांदते. माप ओलांडून आलेली बाई आहे ती!"

तेव्हा महाराजांना राग आला. त्यांचा आवाज चढला नाही, पण पुढचे लोक मागे सरले.

"माप ओलांडून? उंबऱ्यावरचं माप नवऱ्या मुलीसाठी असतं, हैबतराव. हिच्यासाठी भर बाजारात जोंधळ्याचं माप भरलं, आणि तुम्ही ते डोळ्यांनी पाहिलंत. आणि नांदते म्हणता? नांदायला सासर लागतं. दावणीला बांधलेलं जनावर नांदत नाही. मोठ्या बाईचं लुगडं तिला तुम्हीच नेसवायचं, आणि मग लुगडं बघून तिला मोठ्या बाईचा दंडही तुम्हीच द्यायचा! कुंपणानं शेत खाल्लं ते खाल्लं, वर पिकालाच चोर म्हणायचं?"

"कीर्तन देवळात करा, बुवा," हैबतराव म्हणाले. "लोहारा, घाल रे बेडी."

महाराजांनी गोदूकडे पाहिले आणि डोळे मिटले.

लोहाराने बेडी घातली, खिळा ठोकला आणि हात झटकले. गोदूने भीतीने पाय मागे घेतला, तर बेडी जिथल्या तिथे मातीत पडून राहिली आणि पाय मोकळा! लोक कुजबुजले. लोहाराने बेडी ठोकून लहान केली, पुन्हा घातली. पाय पुन्हा अलगद बाहेर आला. त्याने ती बांगडीएवढी केली, घाम गाळत ठोकली, तरी तेच.

"सरकार," लोहार हात जोडून म्हणाला, "बेड्या मोठ्या मानसाच्या मापाच्या असत्यात. ह्यो पाय त्या मापात बसंना. म्या किती बी ल्हान केली तरी पाय तिच्याहून ल्हान होतोय."

"तुझे हात मोडले का? आण इकडे!" असे ओरडून हैबतराव स्वतः उठले. एवढा मानकरी देशमुख एका पोरीच्या पायात बेडी घालायला मातीत गुडघे टेकून बसला. ठकूबाईने मध्ये हात घातला, तर तिला त्यांनी कोपराने लोटून दिले. गोदूचा घोटा मुठीत आवळून ते बेडी दाबू लागले, आणि त्याच क्षणी त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली.

त्यांच्या उजव्या पायातला सोन्याचा तोडा आवळला होता!

काल बोटभर सैल असलेला तोडा आता कातडीत रुतला होता. पाऊल काळेनिळे पडले. "काढा रे! तोडा रे हा!" लोहाराने छिन्नी लावली, घण मारला. सोन्यासारखा मऊ धातू, पण छिन्नी बोथट झाली आणि तोडा आणखी आवळला. हैबतराव गडाबडा लोळू लागले. कोणी तेल आणले, कोणी साबणकांडे आणले. कशाचा उपयोग होईना. शेवटी ते सरपटत महाराजांपर्यंत आले.

"महाराज, सोडवा!" मघाचा बुवा आता महाराज झाला होता.

महाराज म्हणाले, "मी घातला का तो? तुमचा मान आहे तो, तुम्हीच मिरवत होतात."

"काय करू सांगा. गावजेवण घालतो. देवळाला कळस चढवतो."

"कळस नको. खरं बोला. दंड द्यायला बसला होतात ना? मग या खुनात तुमचा वाटा किती, ते सगळ्यांसमोर सांगा."

हैबतराव दात खाऊन गप्प राहिले. तोडा आवळला. तेव्हा त्यांच्या तोंडून निघाले, "सौद्याचा विडा मी घेतला."

तोडा किंचित ढिला पडला. महाराज म्हणाले, "पुढे."

"भट्टीवर काय चालतं ते मला ठाऊक होतं. भट्टीचा इजारा मीच दिला होता, म्हणून मी बोललो नाही."

"पुढे."

आता देशमुखांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. ते किती वेदनेचे आणि किती लाजेचे, देव जाणे. "ही पोर एकदा माझ्या वाड्यावर आली होती, महाराज. पहाटे. माझे पाय धरून म्हणाली, आजोबा, मला ठेवून घ्या, भांडी घासते. मी गड्याला सांगितलं, सुभानजीची बटीक पळून आली आहे, नेऊन दे."

एवढे म्हणताच तोडा पायातून निसटून मातीत पडला. बायकांमधून कोणाचा तरी हुंदका आला. मला त्या हुंदक्याचाही राग येतो. दोन वर्षे कुठे होता तो?

महाराज गर्जले, "ऐका खडकसिंगेकरांनो! न्यायाच्या दारात लेकरू आलं होतं, आणि न्यायानं त्याला मारणाऱ्याच्या हाती परत दिलं. मग त्यानं वरवंटा उचलला. आज तुम्हाला फक्त वरवंटा दिसतो! खून हा खूनच. गेलेला जीव परत येत नाही, आणि त्याचं ओझं या पोरीला जन्मभर वाहायचं आहे. त्यावर तुमचा दगड ठेवू नका. ही ठकूबाईपाशी राहील. मोठी झाली, शहाणी झाली, म्हणजे तिचं प्रायश्चित्त तिचं तिनं ठरवावं. तोवर तिनं पोटभर जेवावं आणि खेळावं, हाच माझा निवाडा. आणि हैबतराव, भट्टीवर अशा आणखी पोरी आहेत. त्या उद्या सूर्य मावळायच्या आत मोकळ्या झाल्या पाहिजेत."

ठकूबाई खाली बसली आणि तिने गोदूला कुशीत ओढले. पोर लाकडासारखी ताठ होती. रडत नव्हती, बिलगतही नव्हती.

हैबतरावांनी पगडी काढली आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला ते वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे नकोत. जिनं तुमचे धरले होते, तिचे धरा."

देशमुख गोदूकडे वळले. तिच्यापुढे गुडघे टेकून वाकले. त्यांची सावली अंगावर येताच पोरीने डोळे घट्ट मिटले आणि मार चुकवायला हात डोक्यावर आडवा धरला.

हैबतराव थिजले. मग त्यांना खरे रडू फुटले, आणि ते मागे सरू लागले.

"थांबा," महाराज म्हणाले. "तसेच राहा. तिचा हात खाली येईपर्यंत उठायचं नाही."

देशमुखांनी कपाळ मातीला टेकवले. भर उन्हात सारे गाव उभे राहिले, कोणी घरी गेले नाही. गोदूचा हात खाली यायला फार वेळ लागला.