थोराड टायर आणि म्हातारा गिअरबॉक्स

घाटाला डांबर लागायच्या आधीची गोष्ट. तातोबाने नुसत्या ऐटीपायी जुन्या जीपला थोराड टायर चढवले. ते वरच्या पत्र्याला घासायला लागले, तसे खालचे स्प्रिंगचे पाटेही उंचावले. गिअरबॉक्स तेवढा जुनाच राहिला. तो टायरांना म्हणाला,

"अरे, माझे दात लहान चाकांच्या मापाचे. चढाला ही धुडं फिरवू कशी?"

"काका, तुमची कुरकुर फार," टायर म्हणाले.

एक दिवस तातोबाच्या सुनेला कळा सुरू झाल्या. सुईण घाटमाथ्यावर राहायची, म्हणून तातोबा सुनेला जीपमध्ये घालून निघाला. अर्ध्या चढावर जीप अडली आणि दरीकडे घरंगळू लागली. तातोबाने ब्रेक दाबून धरला. टायर रडकुंडीला आले. "काका, जोर लावा ना."

"पहिल्या गिअरात होता तेवढा लावला. रिव्हर्समध्ये त्याहून जास्त आहे. पण ढुंगण पुढे करून चढावं लागेल. चालेल का, ऐटबाजांनो?"

तातोबाने मागच्या वळणावर जीप फिरवली आणि ती उलटी, कण्हत कण्हत वर नेली. सुईणीने सुनेला आत घेतलं, आणि थोड्या वेळाने बाळाचं रडणं ऐकू आलं.

"बघा, पोचवलं की नाही आम्ही?" टायर पुन्हा फुगले.

गिअरबॉक्स आपले दात चाचपत होता. तान्ह्या बाळाला घेऊन आता हाच घाट उतरायचा होता, आणि उतारावर ही धुडं त्यालाच आवरून धरायची होती.